संवेदनशील क्षेत्रात घर वाढवताना

वाढत्या कुटुंबासाठी राहत्या घराला एखादी खोली जोडणे ही इतरत्र साधी बाब मानली जाते. महाबळेश्वर-पाचगणी परिसरात मात्र त्याच खोलीचा पाया खणण्यापूर्वी पर्यावरण आणि नगररचना अशा दोन्ही कायद्यांची चौकट तपासावी लागते. ही माहिती नसल्यास निव्वळ गरजेपोटी केलेले बांधकामही अनधिकृत ठरते आणि आयुष्यभराच्या पुंजीवर नोटिशीची टांगती तलवार येते.

अधिसूचना काय सांगते?

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये केंद्र सरकारने १७ जानेवारी २००१ रोजी महाबळेश्वर तालुका व लगतच्या जावळी तालुक्यातील काही गावे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केली. राज्यात यापूर्वी डहाणू (१९९१) व त्यानंतर माथेरान (२००३) या परिसरांना असाच दर्जा मिळाला. कृष्णा, कोयना, वेण्णा यांसारख्या नद्यांचा उगम याच डोंगरात असल्याने येथील झरे व उतार यांचे महत्त्व मोठे आहे.

अधिसूचनेने स्थानिकांच्या घरांवर सरसकट बंदी घातलेली नाही. शेती, बागा व मोकळ्या जागांचा वापर बदलण्यास मनाई असली, तरी स्थानिक रहिवाशांच्या निवासाची गरज भागविण्यासाठी मर्यादित सवलतीची तरतूद आहे. पर्यटकांसाठी खोल्या काढणे हा हेतू या सवलतीत बसत नाही. तीव्र धूप होणारे उतार आणि झऱ्यांचा परिसर येथील बांधकामांवर कडक निर्बंध आहेत. खासगी जागेतील झाड तोडण्यासही पूर्वपरवानगी आवश्यक आहे. भूजलाचा उपसा जागेच्या भोगवटादाराच्या शेती व घरगुती वापरापुरताच करता येतो.

अर्ज कोणाकडे?

गिरिस्थान नगरपरिषदेच्या हद्दीत अर्ज नगरपरिषदेकडे करावा लागतो. ग्रामीण भागात गावठाणाबाहेरील जागेसाठी महसूल व नगररचना यंत्रणेकडे जावे लागते. सातारा जिल्ह्यातील काही गावांसाठी 'नवीन महाबळेश्वर' प्रकल्पांतर्गत राज्य रस्ते विकास महामंडळ हे विशेष नियोजन प्राधिकरण आहे. त्यामुळे आपले गाव कोणत्या प्राधिकरणाकडे येते, याची आधी खात्री करावी.

राज्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतून गिरिस्थान नगरपरिषदा आणि संवेदनशील क्षेत्रे वगळण्यात आली आहेत. साताऱ्यात किंवा वाईत मिळते तेवढे चटईक्षेत्र येथेही मिळेल, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

अर्जासोबत सामान्यतः सातबारा उतारा अथवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, मूळ घराच्या परवानगीची प्रत आणि परवानाधारक वास्तुविशारद वा अभियंत्याने तयार केलेला नकाशा जोडावा लागतो. जुने बांधकाम व प्रस्तावित वाढ नकाशात वेगळी दाखवावी. मूळ घराचीच परवानगी नसल्यास वाढीव बांधकामाचा प्रस्ताव तेथेच अडखळतो.

मुदत, अपील आणि दंड

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार नियोजन प्राधिकरणाने ६० दिवसांत निर्णय न कळविल्यास परवानगी मानीव समजली जाते. मात्र प्रस्ताव नियमांशी सुसंगत असेल तरच. नियमबाह्य प्रस्तावाला शासकीय दिरंगाईचा लाभ मिळत नाही. नकार मिळाल्यास ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. मिळालेली परवानगी एक वर्ष टिकते व पुढे वाढवून घ्यावी लागते.

विनापरवाना बांधकामासाठी या कायद्यात एक महिना ते तीन वर्षे कारावासाची तरतूद आहे. बांधकाम पाडण्याची कारवाई त्याखेरीज. पर्यावरण कायद्याच्या उल्लंघनासाठी १ एप्रिल २०२४ पासून १० हजार ते १५ लाख रुपये दंडाची तरतूद लागू झाली आहे.

उर्वरित पश्चिम घाट

पश्चिम घाटाच्या मोठ्या पट्ट्यासाठी ३१ जुलै २०२४ रोजी सहावा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यात महाराष्ट्रातील १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र प्रस्तावित आहे. प्रचलित कायद्यांनुसार राहत्या घरांची दुरुस्ती, विस्तार व नूतनीकरण यांवर बंधन नसल्याचे मसुद्यात नमूद आहे.

जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत सातारा जिल्ह्याच्या घाटमाथ्यावर दरडी कोसळल्या. उतारावर राहणाऱ्यांना निर्बंधांमागील कारण त्या वेळी जवळून दिसले. घराची गरज खरी असली, तरी पहिली कुदळ मारण्यापूर्वी लेखी परवानगी हाती असणे रहिवाशांच्याच हिताचे आहे.