तमिळ भूमीतील मराठी बालपुस्तके आणि झाडांची गोष्ट

मराठी बालवाङ्मयाचा इतिहास सांगताना अभ्यासकांना पुण्या-मुंबईच्या आधी तंजावरचे नाव घ्यावे लागते. दुसऱ्या सरफोजीराजांनी तेथे देवनागरी खिळ्यांचा छापखाना उभारला आणि 1806 साली ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापाच्या नीतिकथांचे मराठी भाषांतर छापवून घेतले. राजांच्या विद्याप्रेमाला मद्रासचेही, म्हणजे आजच्या चेन्नईचेही, पाणी मिळाले होते. गादीच्या तंट्यामुळे 1793 मध्ये त्यांना मद्रासला हलवण्यात आले व तेथे गेरिके या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण चालले.

याच राजांच्या पदरी असलेल्या चित्रकारांनी वनस्पतींची बारकाईने चित्रे काढली. धन्वंतरी महालात औषधी वनस्पतींचा अभ्यास होई. मुलांसाठी मराठी पुस्तक आणि झाडांची निरीक्षणपूर्वक काढलेली चित्रे, अशा दोन्ही गोष्टी एकाच दरबारात होत्या; मात्र चित्रे विद्वानांकडे गेली आणि मुलांच्या वाट्याला नीती आली. इसापाची झाडे बोलतात, वादही घालतात. ती रुजताना मात्र कोणी पाहत नाही. कल्पकतेचा तुटवडा होता असे म्हणवत नाही, कारण ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात राजांनी जगाचा भूगोल एका कुरवंजीच्या तोंडी गाण्यांतून घातला आहे. वनस्पतीच्या वाढीला असे गाणे मिळाले नाही, एवढे खरे.

पुढे जवळजवळ दोन शतकांनी तमिळ भूमीतून मराठी बालपुस्तके पुन्हा येऊ लागली. 1996 मध्ये चेन्नईत सुरू झालेली ‘तूलिका’ ही प्रकाशनसंस्था मराठीसह नऊ भाषांत चित्रपुस्तके काढते. दीपा बलसावर यांचे ‘द सीड’ हे तिचेच पुस्तक. एका लहान मुलीला बी सापडते, ती ते पेरते आणि काय उगवेल याची वाट पाहते. वाट पाहणे हाच वनस्पतिशास्त्राचा पहिला धडा. पाठ्यपुस्तकाला तेवढी सवड क्वचितच असते.

बहुभाषी पुस्तकात चित्र एकच असते, शब्द मात्र प्रत्येक भाषेने आपले आणायचे. मराठीत मटकीला मोड येतात, हळदीला कोंब फुटतो, तर ‘अंकुर’ बहुधा कवितेत आढळतो. भाषांतरकाराने येथे चूक केली, तर चित्र बरोबर असूनही मराठी मुलाला वाक्य परके वाटते. चेन्नईतील मराठी घरांत ही अडचण आणखी बोचते. तेथे आई, आजी, काका हे शब्द सहसा टिकतात. झाडांची नावे आधी जातात. अंगणातला कडुनिंब शेजाऱ्यांच्या बोलण्यातून ‘वेप्पमरम’ होतो आणि मुलाला दुसरे नाव ठाऊकच राहत नाही. तमिळ नाव येणे ही कमाईच आहे; मराठी नाव गळणे हे नुकसान आहे, आणि ते भरून काढायला घरात आजी नसेल तर पुस्तकच उरते.

याच शहरात, अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारात, एक प्राचीन वटवृक्ष आहे. 1989 च्या वादळात त्याचे मूळ खोड उन्मळून पडले. बी, मूळ, खोड, पान या क्रमाने वाढ शिकलेल्या मुलाने त्या दिवशी झाड संपले असेच म्हटले असते. पण जमिनीत उतरलेल्या पारंब्यांची खोडे झाली होती. त्यांच्या आधारावर वड आजही उभा आहे.