घरचं विमान आणि दुसऱ्याची नजर

घरी विमान बांधायचं म्हटलं की डोळ्यांसमोर करवत, प्लायवूड, इंजिन असं सगळं येतं. पण या छंदाच्या इतिहासात सगळ्यांत अवघड प्रश्न वेगळाच होता : बांधलेलं विमान उडवण्याजोगं आहे, हे ठरवायचं कोणी?

फ्रान्समधल्या आँरी मिन्ये या हौशी माणसाची गोष्ट बघा. नेहमीच्या विमानांचं नियंत्रण त्यांना अवघड वाटे. म्हणून त्यांनी स्वतःचंच सोपं विमान आखलं. मोठा पंख पुढे, लहान मागे, आणि पुढचा पंखच स्टिकने वरखाली झुकायचा. पायांनी काही चालवायचंच नाही. १० सप्टेंबर १९३३ रोजी ते उडालं. नाव ठेवलं 'पू द्यु सिएल', म्हणजे आकाशातली ऊ! इंग्रजांनी तिची 'फ्लाइंग फ्ली' म्हणजे पिसू केली. मिन्येंनी १९३४ मध्ये आराखड्यांसह पुस्तक काढलं, दुसऱ्या वर्षी त्याचं इंग्रजी भाषांतर आलं, आणि लोक घराघरांत विमानं बांधू लागले. ऑगस्ट १९३५ मध्ये मिन्ये स्वतः इंग्लिश खाडी ओलांडून गेले.

मग अपघात सुरू झाले. काही वैमानिक सूर मारताना विमान सावरू शकले नाहीत, जिवाला मुकले. १९३६ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्समध्ये विंड टनेलमध्ये चाचण्या झाल्या, तेव्हा कारण कळलं. दोन पंखांमधली फट फार अरुंद होती. नाक खाली गेल्यावर स्टिक ओढली, की मागच्या पंखाची उचल वाढायची आणि नाक आणखी खाली जायचं. म्हणजे सावरण्याचा प्रयत्नच घातक! कारागिरी कितीही चोख असली तरी हा दोष घरी दिसणारा नव्हता.

या छंदाला पुढे स्थैर्य आलं ते संघटनांमुळे. अमेरिकेत १९५३ मध्ये पॉल पोबेरेझनी यांनी 'एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' सुरू केली. एकमेकांचं काम पाहणं, चुका सांगणं, याची सवय तिथे रुजली.

आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव हे पेशाने वैमानिक. त्यांनी कांदिवलीत गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. नोंदणी मात्र नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली. असा उशीर बांधणाऱ्याला जाचतोच. कागदांची दिरंगाई आणि खरी तपासणी, या दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. पहिलीविरुद्ध जरूर भांडावं; दुसरी मात्र सोडून चालत नाही, हे १९३६ सालाने फार महागात शिकवलं आहे.