प्रतिजैविक-प्रदूषण व औषधरोध (हडपसर आणि मुळा-मुठा नदी)

प्रतिजैविकांचे अंश, त्यांना दाद न देणारे जीवाणू आणि हा गुण वाहून नेणारी जनुके सांडपाण्यावाटे नदीत, गाळात व शेतात पसरण्याची प्रक्रिया. पुणे शहराच्या पूर्वेकडील हडपसर हा या प्रक्रियेतला मोक्याचा भाग आहे. शहराचे सांडपाणी घेऊन आलेली मुळा-मुठा मुंढवा-हडपसरवरून पुढे जाते आणि तिचे पाणी येथूनच उचलून सिंचनासाठी कालव्यात सोडले जाते.

भूगोल : मुठा नदी खडकवासला धरणातून निघून शहराच्या मध्यातून वाहते व संगमवाडीजवळ मुळेला मिळते. एकत्र झालेली मुळा-मुठा बंडगार्डन, मुंढवा, मांजरी, थेऊर असा प्रवास करून भीमेला मिळते. लष्कर भाग व वानवडीकडून येणारा भैरोबा नाला हडपसरच्या अलीकडे नदीत उतरतो. त्यावर दररोज १३ कोटी लिटर क्षमतेचे मैलापाणी शुद्धीकरण केंद्र आहे.

प्रदूषणाचे मार्ग : घेतलेल्या प्रतिजैविकाचा मोठा वाटा अनेकदा शरीरात न बदलता लघवी-विष्ठेवाटे बाहेर पडतो. घरे, रुग्णालये, गोठे व कुक्कुटपालन ही त्याची उगमस्थाने होत. पेनिसिलीन गटातील औषधे पाण्यात तुलनेने लवकर विघटित होतात. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी फ्लुरोक्विनोलोन गटातील औषधे मात्र गाळाच्या कणांना घट्ट चिकटून दीर्घकाळ टिकतात. अत्यल्प मात्रेतही ती संवेदनशील जीवाणूंना मागे टाकून रोधक्षम जीवाणूंना वाढू देतात. मैलापाण्यात माणसाच्या आतड्यातले जीवाणू आणि पर्यावरणातले जीवाणू एकत्र येतात. प्लाझ्मिड, इंटेग्रॉन यांसारख्या फिरत्या जनुकघटकांच्या मदतीने रोधजनुके एका जातीतून दुसरीत जातात. त्यामुळे औषधाचा अंश नाहीसा झाला तरी रोध मागे राहू शकतो.

मुठेच्या गाळाचा अभ्यास : या विषयावरील सर्वांत तपशीलवार माहिती २०१७ मध्ये ‘वॉटर रिसर्च’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधातून मिळते. नचिकेत मराठे, स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठाचे योआकिम लार्सन व सहकाऱ्यांनी शहराच्या वरच्या अंगाचा आणि शहरातला मुठेचा गाळ घेतला. त्यातील सर्व डीएनए एकत्रितपणे वाचण्याची मेटाजीनोमिक्स पद्धत त्यांनी वापरली. या पद्धतीत जीवाणू प्रयोगशाळेत वाढवावे लागत नाहीत, त्यामुळे एरवी न सापडणारी जनुकेही दिसतात.

एका जीवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणारी १७५ प्रकारची रोधजनुके त्यांना आढळली. शहरातील गाळात त्यांचे सापेक्ष प्रमाण वरच्या भागाच्या ३० पट होते. ४४ जनुके शहरात लक्षणीयरीत्या अधिक होती, तर वरच्या भागात अधिक अशी फक्त दोन. एनडीएम, व्हीआयएम, केपीसी, ओएक्सए-४८ व आयएमपी या कार्बापेनेमेज गटांची जनुके सापडली. इतर औषधे निकामी ठरल्यावर गंभीर रुग्णाला कार्बापेनेम देतात. ही जनुके तो मार्गही बंद करतात. टायगेसायक्लिन या प्रतिजैविकाला रोध देणारे टेट(एक्स) हे जनुकही शहरी गाळात अधिक होते. रुग्णालयातल्या संसर्गांसाठी कुप्रसिद्ध असलेल्या ॲसिनेटोबॅक्टर या प्रजातीचा वाटा काही नमुन्यांत जीवाणूंच्या जनुकीय खुणांपैकी २९ टक्क्यांपर्यंत गेला. ॲसिनेटोबॅक्टर आणि ओएक्सए-५८ हे कार्बापेनेमेज जनुक यांचे प्रमाण बरोबरीने वाढताना दिसले.

कोलिस्टिन या प्रतिजैविकाला रोध देणारे एमसीआर-१ हे जनुक शहरात आढळले नाही. ते वरच्या भागातल्या एकाच नमुन्यात मिळाले. म्हणजे रोधाचा उगम केवळ शहर आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. शहरी गाळातली वाढ मात्र शुद्धीकरण न झालेल्या वा अर्धवट झालेल्या मैलापाण्याशी जोडली गेली आहे.

औषधउद्योग : हैदराबादजवळच्या पाटनचेरू येथे चित्र वेगळे होते. सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी घेणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळल्याचे लार्सन व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये नोंदवले. मुठेत मुख्य ओझे शहरी मैल्याचे आहे. कारखाना नसलेल्या काठावरही रोध वाढू शकतो, हा तिचा धडा. पुण्याचा प्रतिजैविकांशी संबंध मात्र जुना आहे. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. हामायसिन हे बुरशीविरोधी प्रतिजैविक तेथेच शोधले गेले.

कालवा व शेती : मुंढव्याच्या जॅकवेलमधून नदीचे पाणी उपसून साडेसतरानळी येथे जुन्या मुठा कालव्यात, म्हणजे बेबी कालव्यात, सोडतात. खडकवासल्यातून शहराने घेतलेल्या पाण्याच्या बदल्यात वर्षाला साडेसहा अब्ज घनफूट (टीएमसी) प्रक्रिया केलेले पाणी शेतीला द्यायचे, असे ठरले होते. हा कालवा फुरसुंगी, लोणी काळभोर, उरुळी कांचनवरून दौंड तालुक्याकडे जातो. पाण्याचा काळसर रंग, वास व फेस यांबद्दल लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांच्या तक्रारी वारंवार आल्या आहेत. पाटाने आलेले पाणी वाफ्यात थेट भाजीला लागते, विहिरींतही झिरपते. म्हणून सूक्ष्मजीवशास्त्राच्या दृष्टीने नदीइतकाच हा कालवाही तपासणीचा विषय आहे.

शेतात प्रतिजैविके थेट फवारणीतूनही येतात. डाळिंबाच्या तेल्या या जीवाणूजन्य रोगावर स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिनचे मिश्रण फवारण्याची प्रथा राज्यात रूढ झाली. हे मिश्रण शेतीतून हटवण्याचा आदेश-मसुदा केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये काढला.

पशुपालन : खाद्यप्राण्यांत कोलिस्टिनच्या वापरावर जुलै २०१९ मध्ये देशभर बंदी आली.

आरोग्य : एनडीएम-१ हे विकर २००९ मध्ये वर्णिले गेले व त्याच्या नावात दिल्लीचा उल्लेख आल्याने वाद झाला. दिल्लीत पिण्याच्या पाण्याच्या ५० पैकी दोन आणि साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत या विकराचे जनुक सापडल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतात २०१९ मध्ये औषधरोधामुळे थेट सुमारे २.९७ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. त्यांतला किती वाटा पर्यावरणातून आलेल्या रोधाचा, यावर एकमत नाही.

नियमन : अनेक प्रतिजैविकांना लागू होणारी अनुसूची एच-१ मार्च २०१४ पासून अमलात आहे; तिच्यानुसार चिठ्ठीवर झालेल्या विक्रीची स्वतंत्र नोंद औषध दुकानदाराने ठेवायची असते. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात १२१ प्रतिजैविकांच्या मर्यादा सुचवणारा मसुदा जानेवारी २०२० मध्ये निघाला. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा नव्हत्या. जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविक-निर्मितीतील सांडपाण्याविषयीची मार्गदर्शिका सप्टेंबर २०२४ मध्ये दिली.

शुद्धीकरण : जपानच्या अर्थसाहाय्याने मुळा-मुठेसाठी ९९०.२६ कोटी रुपयांची योजना जानेवारी २०१६ मध्ये मंजूर झाली. तीत दररोज ३९.६ कोटी लिटर क्षमतेची ११ केंद्रे होती. मुंढवा आणि हडपसरचे मत्स्यबीज केंद्र या जागा त्यांपैकीच.

मूल्यमापन : मैलापाणी केंद्रांसाठीच्या २०१७ च्या केंद्रीय निकषांत सामू, जैविक ऑक्सिजन मागणी (बीओडी), निलंबित घनपदार्थ व मलजन्य कोलिफॉर्म यांना मर्यादा आहेत, प्रतिजैविकांचे अंश किंवा रोधजनुके यांना नाहीत. त्यामुळे निकषांत बसणारे पाणीही रोध पुढे नेऊ शकते. मुंढवा जॅकवेल आणि बेबी कालवा येथे प्रतिजैविकांचे अंश व रोधजनुके यांची नियमित मोजणी सुरू करणे ही सर्वांत निकडीची गरज आहे, कारण शहराच्या मैलापाण्यातला रोध येथूनच शेतापर्यंत पोहोचू शकतो.