ट्रेडमिल : शब्द, यंत्र आणि वस्ताद

१

वस्तूबरोबर तिचा शब्द येतो, हा भाषेच्या इतिहासातील नित्याचा अनुभव आहे. परंतु ती वस्तू वापरण्याची रीतही तिच्यासमवेत येतेच, असे मात्र नाही. ठाणे, कल्याण व डोंबिवली या शहरांतील मध्यमवर्गीय घरांत गेल्या काही वर्षांत विजेवर चालणारे 'ट्रेडमिल' हे यंत्र शिरले आहे. त्याच्या बाबतीत ही गोष्ट ठळकपणे दिसून येते. या यंत्राचा पूर्वेतिहास काय, आपल्याकडील व्यायामपरंपरेशी त्याचा मेळ कोठे बसत नाही, आणि ते सुरक्षितपणे व लाभदायक रीतीने वापरावयाचे तर कोणती रीत अंगी बाणवली पाहिजे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विषयाकडे वळण्याचे निमित्त घरगुती आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी सुरू झाली. व्यायामशाळा बंद झाल्या आणि मैदानावरील फेऱ्याही थांबल्या. महाराष्ट्रातील व्यायामशाळा पुन्हा उघडल्या त्या २५ ऑक्टोबर २०२० रोजी, दसऱ्याच्या दिवशी. मधल्या काळात, जुलैमध्ये, डोंबिवलीच्या आमच्या घरी वडिलांसाठी हे यंत्र आणले गेले. तिसऱ्या दिवशी पट्टा फिरत असतानाच त्यांनी त्यावर पाऊल ठेवले आणि ते मागे फेकले गेले. मागची भिंत अवघ्या दीड फुटावर होती. मनगटाचे हाड मोडले. यंत्रात काही दोष नव्हता. प्लास्टर घालून परतल्यावर ते म्हणाले, "लहानपणी कल्याणच्या तालमीत वस्तादांनी पहिले आठ दिवस नुसते बघायला बसवले होते. इथे पहिल्याच दिवशी बटण हातात दिले." प्रस्तुत लेखाचे सारे प्रतिपादन या दोन वाक्यांत सामावलेले आहे, पुढील विवेचन हा त्यांचा विस्तार होय.

२

इंग्रजीतील 'ट्रेड' म्हणजे पाऊल टाकणे, तुडविणे. 'मिल' म्हणजे गिरणी अथवा जाते. पायांनी चालविण्याची गिरणी हा या शब्दाचा मूळ अर्थ आहे. आज हे यंत्र काहीही दळत नाही, तरी गिरणी त्याच्या नावात राहून गेली आहे. माणसाच्या पावलांच्या बळावर चाक फिरविण्याची कल्पना तशी पुरातन आहे. रोमन काळात जड दगड उचलण्याच्या यारीला असे चाक जोडलेले असे. आपल्या कोकणातील बागायतीच्या भाषेतही पायांनी फिरवावयाच्या रहाटासाठी 'पायरहाट' असा नेमका शब्द आहे. या सर्व ठिकाणी चालणाऱ्याच्या श्रमातून धान्य, पाणी किंवा दगड यांचे काही काम होत असे.

या चाकाला वेगळे वळण मिळाले ते इंग्लंडात. विल्यम क्यूबिट या अभियंत्याने १८१८ च्या सुमारास कैद्यांसाठी पायऱ्यांचे एक मोठे चाक योजले, आणि १८२१ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात ते उभे राहिले. कैदी ओळीने चाकावर उभे राहत व पायरीमागून पायरी चढत. पायरी खाली जाई आणि माणूस होता तेथेच राही. काही तुरुंगांत या चाकाला जातेही जोडलेले नसे, केवळ वारा दळला जाई. ऑस्कर वाइल्ड या लेखकालाही १८९५ मध्ये शिक्षा झाल्यानंतर अशा चाकावर चालावे लागले होते. अखेरीस १८९८ च्या तुरुंगविषयक कायद्यानंतर इंग्लंडातील ही प्रथा संपुष्टात आली.

सक्तमजुरीच्या या इतिहासाचा एक धागा ठाण्यापर्यंत येऊन पोहोचतो. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधावयास घेतलेला ठाण्याचा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला आणि एकोणिसाव्या शतकात त्याचे कारागृह झाले. त्र्यंबकजी डेंगळे १८१६ मध्ये निसटला तो याच किल्ल्यातून. विनायक दामोदर सावरकर यांना १९११ मध्ये अंदमानला पाठविण्यापूर्वी काही काळ येथेच ठेवण्यात आले होते. पुढे अंदमानात त्यांना कोलू ओढावा लागला. बैलाच्या जागी माणसाला जुंपून दिवसाकाठी ३० पौंड खोबरेल काढून घेण्याची ती शिक्षा होती. चालत राहूनही कोठेच न पोहोचण्याचे दुःख मराठी भाषेला अपरिचित नाही; 'घाण्याचा बैल' आणि 'रहाटगाडगे' हे शब्दप्रयोग त्याची साक्ष देतात.

तुरुंगातील चाकाचे खरे क्रौर्य श्रमात जितके होते, त्याहून अधिक ते गतीच्या मालकीत होते. किती वेगाने व किती वेळ चालावयाचे, हे चालणाऱ्याच्या शरीराला विचारले जात नसे. पाय थांबले तरी चाक थांबत नसे.

३

आपल्याकडील व्यायामाची परिभाषा पाहिली की याहून निराळे चित्र समोर येते. 'व्यायाम' हा संस्कृत शब्द ताणणे, विस्तार करणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे. 'कसरत' अरबीतून आला. तेथे त्याचा अर्थ विपुलता असा होता. परंतु सर्वांत अर्थपूर्ण शब्द 'तालीम' हा होय. अरबीत त्याचा अर्थ शिक्षण असा आहे. मराठीने त्याच शब्दाने व्यायामाची जागा ओळखली आणि नाटकाच्या सरावालाही तेच नाव दिले. या जागेचा अधिकारी तो 'वस्ताद'. हा शब्द फारसी 'उस्ताद' म्हणजे गुरू यावरून आला. सारांश, मराठी माणसाच्या लेखी अंग कमावण्याची जागा ही शिकण्याची जागा होती, आणि तेथे शिकविणारा असणे गृहीत धरलेले होते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे शिक्षण संस्थारूपाने वाढले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये स्थापन झाले. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा हिरिरीने प्रचार केला. बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांनी संपादिलेल्या व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड १९३६ ते १९४९ या काळात निघाले. ठाण्याचे श्री मावळी मंडळ, कल्याणचे नमस्कार मंडळ यांसारख्या संस्था याच वातावरणाचे फलित होत. या सर्वांच्या मागे एक समान सूत्र होते: नव्या मुलाचा दम किती, त्याला आज किती जोर झेपतील आणि कोणत्या क्षणी थांबवावयाचे, हे दुसऱ्या कोणाला तरी ठाऊक असे.

वैद्यकीय परंपरेनेही मोजमापाचा विचार केला होता. सुश्रुतसंहितेत व्यायाम अर्ध्या बळानेच करावा असे सांगितले आहे, आणि अर्धे बळ झाले हे ओळखण्याची खूणही दिली आहे: हृदयस्थानीचा वायू मुखावाटे येऊ लागणे, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागणे. या खुणेकडे आपण पुढे पुन्हा येणार आहोत.

४

शिक्षेचे चाक गेले, परंतु चालत्या पृष्ठभागाची कल्पना उरली. ती प्रथम वैद्यकाने आपलीशी केली. अमेरिकेतील सिॲटल येथील हृदयतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणीपद्धती आजही त्यांच्या नावाने चालते. तीत ताशी सुमारे २.७ किलोमीटर वेग आणि १० टक्के चढ येथून प्रारंभ होतो, दर ३ मिनिटांनी वेग व चढ वाढविले जातात, आणि रुग्णाच्या छातीवरील तारांतून हृदयाचा आलेख सतत उमटत राहतो. येथे गती चालणाऱ्याच्या हाती नसते हे खरे. परंतु ती ठरविणारा वैद्य जवळच उभा असतो व त्याचे लक्ष चालणाऱ्यावर असते. वस्तादाचेच काम तो करीत असतो.

१९६८ मध्ये केनेथ कूपर या डॉक्टरांचे एरोबिक्स हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ते वाचून न्यू जर्सीतील विल्यम स्टाउब या अभियंत्याने सामान्य घरांत ठेवता येईल असे यंत्र तयार केले. तेथून ट्रेडमिल घरात आले, आणि याच टप्प्यावर तिसरा माणूस नाहीसा झाला. तुरुंगात पहारेकरी होता, रुग्णालयात वैद्य होता. घरात माणूस आणि यंत्र हे दोघेच उरले. गतीची मालकी अखेर चालणाऱ्याकडे आली ही मुक्तीच होय. परंतु तिच्याबरोबर वस्तादाची जबाबदारीही त्याच्याकडेच आली, हे कोणी त्याला सांगितले नाही.

५

ही जबाबदारी म्हणजे नेमके काय, ते क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट जागेची. डोंबिवली किंवा कळव्याच्या दोन खोल्यांच्या घरात यंत्र भिंतीला टेकवून ठेवण्याचा मोह होतो. परंतु पट्ट्याच्या मागे निदान सहा-साडेसहा फूट मोकळी जागा हवी. मागे भिंत असेल तर घसरलेला माणूस भिंत व फिरता पट्टा यांमध्ये अडकतो आणि इजा कित्येक पटींनी वाढते. एवढी जागा नसेल तर यंत्र कर्णरेषेत, खोलीच्या मोकळ्या भागाकडे पाठ करून ठेवावे.

दुसरी गोष्ट आरंभाची. दोन्ही बाजूंच्या स्थिर कडांवर पाय ठेवून उभे राहावे, सुरक्षाकिल्लीची दोरी कपड्याला अडकवावी, सर्वांत कमी वेगावर पट्टा सुरू करावा आणि नंतरच त्यावर पाऊल टाकावे. तोल गेल्यास ही किल्ली निघते व पट्टा थांबतो. अनेक घरांत ती यंत्राला नुसती लटकत असते. तिचा तेथे काहीही उपयोग नाही. अनवाणी अथवा सपाता घालून चालू नये. उतरताना वेग शून्यावर येऊ द्यावा. कित्येकांना उतरल्यावर जमीनच सरकल्यासारखी वाटते, म्हणून क्षणभर कठडा धरून उभे राहणे हिताचे असते.

तिसरी गोष्ट मात्रेची. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला मध्यम श्रमाची १५० ते ३०० मिनिटे सांगितली आहेत, आणि शिवाय दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम. म्हणजे दिवसाला अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, एवढ्याने प्रारंभ पुरेसा होतो. त्यातली पहिली व शेवटची पाच मिनिटे संथ चालण्याची असावीत. श्रम मध्यम आहेत हे कसे ओळखावे? वय २२० मधून वजा करून येणाऱ्या नाडीच्या ५० ते ७० टक्के, असा एक ढोबळ हिशेब आहे. पंचेचाळिशीच्या माणसाला तो मिनिटाला सुमारे ८८ ते १२२ ठोके असा पडतो. परंतु नाडीचा वेग बदलणारी औषधे घेणाऱ्यास हा हिशेब लागू पडत नाही. अधिक सोपी कसोटी बोलण्याची आहे. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, तेव्हा श्रम मध्यम असतात. वाक्य मध्येच तुटू लागले की मर्यादा ओलांडली असे समजावे. सुश्रुताने सांगितलेली श्वासाची खूण आणि आजच्या वैद्यकाची ही कसोटी यांतील साम्य लक्षणीय आहे. शरीराची साक्ष घेऊनच गती ठरवावी, हे तत्त्व दोन्हींत एकच आहे.

चौथी गोष्ट परिणामकारकतेची. कठड्यावर भार टाकून चालल्यास पडद्यावरचे आकडे वाढतात, श्रम मात्र कमी होतात. वेग कमी करून हात मोकळे सोडणे केव्हाही अधिक फलदायी. मान खाली घालून पायांकडे पाहू नये, पावले लहान ठेवावीत. गुडघे साथ देत असतील तर वेगाऐवजी थोडा चढ वाढविल्याने धावण्याचा धक्का न बसता श्रम वाढतात. आपल्या दमट हवेत बंद खोलीत घाम सुकत नाही. खिडकी व पंखा यांची सोय असावी आणि पाणी हाताशी असावे.

पाचवी गोष्ट मुलांची. एका अमेरिकन कंपनीच्या घरगुती ट्रेडमिलखाली सापडून एका बालकाचा मृत्यू झाल्यानंतर तेथील ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये जाहीर ताकीद दिली, व पुढील महिन्यात ती यंत्रे परत मागविण्यात आली. व्यायाम संपताच किल्ली काढून उंचावर ठेवावी, प्लग काढावा, आणि यंत्र चालू असता मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये.

अखेरची गोष्ट थांबण्याची. छातीत दाब, जबड्याकडे अथवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, भोवळ, थंड घाम यांपैकी काहीही जाणवल्यास तत्काळ थांबावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. हृदयविकार, मधुमेह अथवा दीर्घकाळची बैठी सवय असणाऱ्याने आरंभापूर्वीच वैद्याचा सल्ला घ्यावा.

६

वरील विवेचनातून एक निष्कर्ष निघतो. या यंत्राच्या दोनशे वर्षांच्या इतिहासात त्याचे रूप जितके पालटले, त्याहून अधिक गती ठरविणारा पालटत गेला. तो कठोर होता तेव्हा यंत्र शिक्षा झाले, जाणता होता तेव्हा चाचणी झाले, आणि तो उरलाच नाही तेव्हा अपघात घडले. घरातील ट्रेडमिल निर्धोक व्हावयाचे तर त्यावर चढणाऱ्याने आपल्यापुरते वस्ताद झाले पाहिजे.

माझ्या वडिलांचे मनगट सहा आठवड्यांत जुळले. त्यानंतर त्यांनी यंत्र खोलीच्या मध्यभागी ओढून घेतले आणि शेजारी एक खुर्ची मांडली. आजही ते चालत असताना त्या खुर्चीवर घरातील कोणीतरी बसलेले असते. त्यांच्याशी बोलत राहावयाचे आणि त्यांचे वाक्य तुटू लागले की बटण दाबावयाचे, एवढेच त्याचे काम. त्या खोलीला ते आता 'तालीम' म्हणतात.