संध्याकाळ कोणाची? : व्हिएन्ना आणि कोपनहेगन

एखाद्या नगराची ओळख करून घ्यावयाची असल्यास तेथील राजवाडे, प्रार्थनामंदिरे आणि पदार्थसंग्रहालये पाहावीत, असा प्रवाशांचा प्रघात आहे. परंतु दिवसभराचे काम आटोपल्यावर तेथील सामान्य माणूस बायकामुलांना घेऊन कोठे जातो, हे पाहिल्यावाचून ती ओळख पुरी होत नाही. या दृष्टीने युरोपातील दोन राजधान्या शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. एक ऑस्ट्रियाची व्हिएन्ना आणि दुसरी डेन्मार्कची कोपनहेगन. पहिलीचे करमणुकीचे स्थान म्हणजे प्राटर, दुसरीचे तिव्होली. दोन्ही स्थाने राजाच्या अनुज्ञेने लोकांसाठी निर्माण झाली आणि दोन्ही आजही गजबजलेली आहेत. मात्र त्यांचा पुढील इतिहास राजांनी घडविला नाही. तो लोकांनी घडविला.

प्राटर हे मुळात हाब्सबुर्ग राजघराण्याच्या मृगयेचे रान. डॅन्यूब नदीकाठच्या सखल भूमीतील या रानात सामान्य माणसास मज्जाव होता. १७६५ साली योसेफ दुसरा सम्राटपदी आला आणि १७६६ च्या एप्रिल महिन्यात त्याने हे रान सर्व प्रजेस खुले केले. त्याबरोबरच खाद्यपेये विकणाऱ्यांना आणि कॉफीगृहवाल्यांना तेथे दुकाने थाटण्याची मुभा मिळाली. हळूहळू रानाच्या एका कडेला चक्री पाळणे आले, झोके आले, बाहुल्यांचे खेळ आले. त्या बाहुल्यांत एक विनोदी पात्र असे. त्याच्या नावावरून या भागास लोक ‘वुर्स्टेलप्राटर’, म्हणजे विदूषकाचे प्राटर, म्हणू लागले. आपल्याकडील जत्रा जशी कोणा एकाची नसते, पाळणेवाला वेगळा, मिठाईवाला वेगळा, तसाच हा प्रकार होता आणि अद्यापही आहे. प्राटरला प्रवेशमूल्य नाही. ज्याच्या खिशात पैसा असेल त्याने पाळण्यात बसावे, नसेल त्याने चेस्टनट वृक्षांच्या सावलीतील चार किलोमीटरांहून लांब हमरस्त्यावर फिरावे.

तिव्होलीची कथा निराळी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोपनहेगन शहर तटबंदीच्या आत कोंडलेले होते. सुमारे एक लाख वीस हजार माणसे अरुंद गल्ल्यांतून दाटीवाटीने राहत. अशा वेळी गेऑर्ग कार्स्टेन्सेन नावाचा एक उद्योगी तरुण राजा आठवा ख्रिस्तियन याच्याकडे गेला आणि पश्चिम वेशीबाहेरील लष्करी जागेत करमणुकीचे उद्यान उभारण्याची परवानगी त्याने मागितली. कार्स्टेन्सेनचा जन्म १८१२ साली अल्जीअर्स येथे झाला होता. त्याचे वडील डेन्मार्कचे राजनैतिक अधिकारी होते. लोक रमले म्हणजे राजकारणाचा विचार करीत नाहीत, असा युक्तिवाद त्याने राजापुढे केला, असे सांगितले जाते. राजाने परवानगी दिली आणि १५ ऑगस्ट १८४३ रोजी उद्यान उघडले. जागा तटाच्या संरक्षणक्षेत्रातील असल्यामुळे युद्धप्रसंगी चटकन पाडता येतील अशा लाकडी इमारती बांधण्याची अट होती. उद्यानातील तळे हा जुन्या खंदकाचाच एक तुकडा आहे.

कार्स्टेन्सेनने उद्यानाचे नाव पॅरिस आणि लंडन येथील अशाच उद्यानांवरून घेतले. परंतु त्याचा प्राण मात्र व्हिएन्नाच्या संगीतातून आला. हान्स ख्रिस्तियन लुंबी या वादकाने १८३९ साली ऑस्ट्रियाहून आलेल्या एका वाद्यवृंदाकडून व्हिएन्नाचे नृत्यसंगीत ऐकले आणि तो त्या ढंगाने भारून गेला. पुढे तोच तिव्होलीचा संगीतप्रमुख झाला आणि सुमारे तीन दशके त्या पदावर राहिला. लोक त्याला उत्तरेचा स्ट्राउस म्हणत. पहिल्याच हंगामात कथाकार हान्स ख्रिस्तियन अँडरसन या उद्यानात येऊन गेला. पौर्वात्य धर्तीची ती सजावट पाहून त्याला चीनच्या बादशहाच्या बुलबुलाची गोष्ट सुचली, असे मानले जाते.

अशा रीतीने दोन नगरांनी करमणुकीच्या दोन रीती घालून दिल्या. प्राटर म्हणजे मोकळे कुरण. कोणी केव्हाही यावे, कोठूनही जावे. सौंदर्य आणि गबाळेपणा दोन्ही तेथे शेजारी शेजारी नांदतात. तिव्होली म्हणजे आखीवरेखीव बाग. तिला दार आहे, दाराशी तिकीट आहे आणि आतील फुलांच्या ताटव्यापासून दिव्यांच्या माळेपर्यंत सर्वांमागे एक योजना आहे. व्हिएन्ना हे विशाल साम्राज्याचे नगर. नाना भाषांची, नाना धर्मांची माणसे तेथे रोज येऊन पडत. त्या नगराला सैलपणा मानवला. कोपनहेगन हे आटोपशीर देशाचे आटोपशीर नगर; त्याला नेटकेपणा मानवला. पहिल्या रीतीत गरिबाला दार नाही, हा तिचा मोठा गुण. दुसऱ्या रीतीत तिकीट घेऊन आत गेलेला व्यापारी आणि त्याचा कारकून एकाच वाद्यवृंदासमोर उभे राहतात, हा तिचा गुण.

आता प्रश्न उरतो तो कार्स्टेन्सेनच्या युक्तिवादाचा. लोक रमले म्हणजे राजकारण विसरतात, हे खरे ठरले काय?

व्हिएन्नाने त्याचे उत्तर लवकरच दिले. १८४८ हे क्रांतीचे वर्ष. त्या वर्षी बेकारांना सरकारी खर्चाने प्राटरमध्ये मातीकामावर लावले होते. ऑगस्टमध्ये त्यांची मजुरी कमी करण्यात आली. २३ ऑगस्ट रोजी निषेध करणाऱ्या मजुरांवर शस्त्र चालविण्यात आले आणि अनेकांचा बळी गेला. इतिहासात या घटनेला प्राटरची लढाई असेच नाव आहे. पुढे १ मे १८९० रोजी आठ तासांच्या दिवसाची मागणी करीत हजारो कामगार याच प्राटरमध्ये शिस्तीने चालत गेले. वसंत ऋतूच्या या दिवशी त्या हमरस्त्यावर श्रीमंतांच्या घोडागाड्या मिरवीत, असा जुना रिवाज होता. दंगल होणार या भीतीने शहरातील दुकानदारांनी दारे लावून घेतली होती. परंतु मिरवणूक शांततेने पार पडली. आठ तासांच्या दिवसाची मागणी म्हणजे काय? ज्याचा दिवस मालकाने विकत घेतला आहे, त्याने आपली संध्याकाळ आपल्यासाठी मागितली. ती मागण्यासाठी प्राटरहून योग्य जागा कोणती असणार?

मात्र करमणुकीच्या या स्थानांचे केवळ गुणगान करणे इतिहासाला धरून होणार नाही. माणसाला गंमत म्हणून पाहण्याचे पातकही दोन्ही नगरांनी केले. १८९६ साली प्राटरमधील प्राणिसंग्रहालयात आफ्रिकेतील अशांती लोकांचे ‘खेडे’ वसवून ते तिकीट लावून दाखविण्यात आले. १९०५ साली तिव्होलीत वसाहतींच्या प्रदर्शनासाठी डेन्मार्कच्या वेस्ट इंडीज बेटांतून व्हिक्टर कॉर्नेलिन्स हा सात वर्षांचा मुलगा आणि एक चार वर्षांची मुलगी आणली गेली. मुले इकडेतिकडे धावतात म्हणून त्यांना पिंजऱ्यात ठेवण्यात आले. व्हिक्टर पुढे डेन्मार्कमध्येच राहिला, शिकला आणि नाक्सकोव्ह गावी शिक्षक झाला. ज्या समाजाने त्याला पिंजऱ्याआडून पाहिले, त्याच समाजाच्या मुलांना त्याने वर्षानुवर्षे शिकविले. याहून मोठा धडा कोणता असू शकेल?

प्राटरचे आजचे चिन्ह म्हणजे तेथील भव्य आकाशपाळणा. सम्राट फ्रान्झ योसेफ याच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त वॉल्टर बॅसेट या इंग्रज अभियंत्याने १८९७ साली तो उभारला. त्याची उंची सुमारे ६५ मीटर. पहिल्या महायुद्धानंतर साम्राज्य लयास गेले आणि १९१९ साली एडुआर्ड स्टायनर या व्यापाऱ्याने पाळणा विकत घेतला. तो मोडीत काढण्याचा त्याचा बेत होता. परंतु त्याने तो चालू ठेवला. स्टायनर ज्यू होता. १९३८ साली नात्सींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर पाळणा त्याच्याकडून हिरावून घेण्यात आला आणि १९४४ साली आउश्वित्झच्या छळछावणीत त्याची हत्या झाली. त्याच वर्षी पाळणाही आगीत सापडला. १९४७ साली तो पुन्हा फिरू लागला तेव्हा पूर्वीच्या ३० डब्यांऐवजी १५ डबेच त्यावर चढविण्यात आले. आजही प्रत्येक दुसऱ्या डब्याची जागा रिकामी दिसते.

१९४४ हेच वर्ष कोपनहेगनच्याही कसोटीचे ठरले. डेन्मार्क तेव्हा जर्मन सैन्याच्या ताब्यात होते. जूनच्या अखेरीस, भूमिगतांच्या घातपाताचा सूड म्हणून, जर्मनांच्या डॅनिश हस्तकांनी तिव्होलीत स्फोट घडवून तेथील संगीतगृह जाळले. पाठोपाठ रात्री आठपासून संचारबंदी पुकारण्यात आली. उत्तरेकडील त्या देशात जूनमध्ये रात्री उशिरापर्यंत उजेड असतो. लांबलचक हिवाळ्यानंतर लाभणारी ती संध्याकाळच हिरावली गेली. तेव्हा एका मोठ्या जहाजकारखान्यातील कामगार दुपारीच घरी निघाले. हा संप नव्हे, असे त्यांनी कळविले. संध्याकाळी बाहेर पडता येत नाही म्हणून आपापल्या परसबागा दिवसा पाहाव्या लागतात, एवढेच! या साध्या वाक्यातून सार्वत्रिक संप उभा राहिला. जर्मनांनी शहराचे पाणी, गॅस आणि वीज तोडली. सुमारे शंभर नागरिक मारले गेले. परंतु शेवटी संचारबंदी शिथिल करावी लागली. तिव्होलीही काही आठवड्यांतच पुन्हा उघडले.

१९५१ साली अमेरिकन चित्रपटनिर्माता वॉल्ट डिस्ने तिव्होली पाहून गेला. तेथील स्वच्छता आणि दिव्यांची आरास त्याला फार भावली. १९५५ साली लॉस एंजेलिसपासून काही अंतरावर, संत्र्यांच्या बागा काढून मोकळ्या केलेल्या जमिनीवर, त्याचे डिस्नेलँड उघडले आणि त्याच धर्तीची उद्याने पुढे जगभर पसरली. तिव्होलीचे दार आणि तिकीट त्याने उचलले, नेटकेपणाही उचलला. परंतु तिव्होलीच्या भोवती असलेले शहर काही उचलता येण्याजोगे नव्हते. तिव्होली कोपनहेगनच्या मुख्य रेल्वेस्थानकासमोर आहे. कचेरी सुटल्यावर माणूस पायी तेथे जातो. प्राटरलाही व्हिएन्नाच्या गल्ल्यांतून पायीच पोहोचता येते.

नगराच्या वैभवाचा हिशेब पुष्कळ प्रकारे मांडता येतो. त्यात एक खाते संध्याकाळचे असावे. कामकऱ्याला दिवस संपल्यावर चालत जाऊन बसता येईल अशी जागा आहे काय, तेथे त्याला कोणी हुसकून लावीत नाही ना, आणि ती जागा गेली तर तिच्यासाठी उभे राहणारे लोक आहेत काय? व्हिएन्ना आणि कोपनहेगन यांनी या प्रश्नांची उत्तरे आपापल्या परीने दिली. राजाने रान खुले केले, दुसऱ्याने वेशीबाहेरची जागा दिली. ती संध्याकाळ राखली मात्र लोकांनी.