फातमा बेगम
भारतातील पहिल्या चित्रपट-दिग्दर्शिका मानल्या जाणाऱ्या अभिनेत्री. उर्दू रंगभूमीवरून मूकपटांत आल्या. पडद्यावरील स्त्रीभूमिकाही बहुधा पुरुषच करीत, अशा काळात त्यांनी ‘वीर अभिमन्यू’मध्ये (१९२२) काम केले, हे धाडसच होते. पुढे मुंबईत स्वतःची ‘फातमा फिल्म्स’ काढून त्यांनी ‘बुलबुल-ए-परिस्तान’ (१९२६) दिग्दर्शित केला. पऱ्यांची दुनिया उभी करण्यासाठी त्यात छायाचित्रणाच्या क्लृप्त्या योजल्या होत्या. दिग्दर्शनासोबत कोहिनूर, इंपीरियल या कंपन्यांच्या चित्रपटांत त्यांचा अभिनयही चालू राहिला. सुलताना, झुबेदा व शहजादी या त्यांच्या मुलीही अभिनेत्री झाल्या. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ची (१९३१) नायिका झुबेदाच. फातमा बेगम यांच्या योगदानाची दखल फार उशिरा घेतली गेली. ‘बुलबुल-ए-परिस्तान’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही.