पडद्यामागचा टॉवर : स्वस्त स्पीकरची पारख आणि साधनचिकित्सा

१/
एका दालनात दोन टॉवर स्पीकर उभे आहेत. उंची सारखी, पण एकाची किंमत दुसऱ्याच्या पाचपट. यांतला उजवा कोणता, हे कोणाच्या साक्षीवरून ठरवायचे? ऐकणाऱ्याच्या कानाच्या, की मापनाच्या आलेखाच्या? प्रश्न बाजारातला दिसतो, पण मुळात तो पुराव्याचा आहे. पहिल्या पगारातून स्वस्तातली जोडी घेऊ पाहणाऱ्यासाठी तो पैशांचाही आहे. स्पीकरच्या पारखीचा शंभर वर्षांचा इतिहास या थ्रेडमध्ये पाहू.

२/
आरंभी साक्षीदार एकच होता : कान. १९१५ पासून एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत ‘टोन टेस्ट’ नावाचे जाहीर प्रयोग केले. रंगमंचावर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ. गायिका मध्येच थांबे, यंत्र तेच गाणे पुढे नेई. कधी दिवेही मालवले जात. फरक कळत नाही, अशी ग्वाही श्रोते देत. त्या यंत्राचा आवाज आज ऐकणाऱ्याला ही ग्वाही नवलाची वाटते.

३/
श्रोते खोटे बोलत नव्हते. गायिका आपला आवाज यंत्राच्या बेताने आवरून गात, आणि प्रयोग मांडणाऱ्यालाच माल विकायचा होता. साक्षीदार प्रामाणिक असला तरी साक्षीची मांडणी सदोष असू शकते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट नवी नाही.

४/
दुसरा साक्षीदार १९१७ मध्ये आला. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या ई. सी. वेंट यांनी कंडेन्सर मायक्रोफोनचे वर्णन प्रसिद्ध केले आणि ध्वनीचा दाब विश्वासाने आकड्यांत मांडणे शक्य झाले. १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी भोंग्याविना वाजणारा स्पीकर मांडला : चुंबकाच्या क्षेत्रात हलणारे तारेचे वेटोळे आणि त्याला जोडलेला शंकू. आजच्या स्वस्तातल्या स्वस्त टॉवरमधला वूफरही याच घराण्यातला आहे.

५/
पण मोजायचे कोठे? खोलीत मोजले, तर मायक्रोफोनला स्पीकरबरोबर भिंतीही ऐकू येतात. १९४३ मध्ये, युद्धकालीन संशोधनासाठी, लिओ बेरानेक यांनी हार्वर्डमध्ये प्रतिध्वनिरहित कक्ष उभारला. भिंती, छत आणि तळ, सर्वत्र काचतंतूंच्या खोल पाचरी. त्यांत शिरलेला आवाज परतत नाही. अशा कक्षात स्पीकर प्रथमच एकटा सापडतो.

६/
मग आलेख निघू लागले. आडव्या अक्षावर २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतची कंप्रता, म्हणजे खर्जापासून अतितारापर्यंतचा पल्ला. उभ्या अक्षावर डेसिबल. रेषा जितकी सपाट तितका स्पीकर निःपक्षपाती, हा साधा हिशेब. अडचण अशी, की समोरून सारखीच रेषा देणारे दोन स्पीकर खोलीत निराळे वाजत. त्यामुळे ‘मापनाला संगीत कळत नाही’ असे म्हणणाऱ्यांचे फावले.

७/
टॉवर जन्मतो कसा, हेही येथेच पाहू. खोल खर्ज, लहान पेटी आणि थोड्या शक्तीत मोठा आवाज, या तिहींपैकी कोणतीही दोनच साधतात. याला हॉफमन यांचा लोहनियम म्हणतात. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात खर्जाचे सगळे गणितच मांडून दिले. कोणत्या वूफरला केवढी पेटी द्यावी, हे सुताराच्या अंदाजावर सोडण्याची गरज उरली नाही. टॉवर ही त्या नियमातली एक तडजोड आहे : जमिनीवरची जागा तेवढीच ठेवून पेटी उंच वाढवायची.

८/
तडजोडीची किंमत पडते. उंच पेटीला लाकूड अधिक लागते, मोठ्या फळ्या स्वतःच कंप पावू लागतात, वाहतुकीचा खर्च वाढतो. त्याच किमतीच्या लहान बुकशेल्फ स्पीकरमध्ये हा पैसा चांगल्या वूफर-ट्वीटरवर आणि आवाजाची त्यांच्यात वाटणी करणाऱ्या क्रॉसओव्हरवर खर्च होऊ शकतो. स्वस्त टॉवरमध्ये पैसा सर्वांत पातळ पसरलेला असतो. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना मात्र उंची दिसते.

९/
आता कानाच्या साक्षीचा एक खटला. मे १९७०च्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या अमेरिकन मासिकात अनेक स्पीकरांचे परीक्षण छापून आले. त्यांत भारतीय वंशाचे प्राध्यापक अमर बोस यांच्या कंपनीचा ९०१ हा स्पीकर होता. एकेका वाद्याचा आवाज खोलीभर भटकतो, असा शेरा परीक्षणात होता. कंपनीचे म्हणणे, आवाज समोरच्या भिंतीलगत सरकतो, खोलीभर नव्हे. या फरकावरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

१०/
१९८४ मध्ये निकाल मासिकाच्या बाजूने लागला : शब्द चुकीचा असला, तरी तो जाणूनबुजून किंवा बेदरकारपणे केलेला खोटेपणा ठरत नाही. परीक्षकाला कायद्याचे संरक्षण मिळाले. पण ऐकलेली गोष्ट शब्दांत नेमकी उतरवणे किती अवघड आहे, हेही १४ वर्षांच्या त्या वादाने दाखवले. कानाची साक्ष ग्राह्य धरायची, तर ती घेण्याची रीत आधी सुधारायला हवी होती.

११/
ती रीत ओटावात घडली. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल १९६५ मध्ये रुजू झाले. त्यांची पद्धत साधी आणि कठोर होती. स्पीकर आवाज न अडवणाऱ्या पडद्यामागे. सर्वांचा आवाज समान पातळीवर, कारण किंचित मोठा वाजणारा स्पीकर माणसाला उगाच चांगला वाटतो. खोली तीच, संगीताचे तुकडे तेच, स्पीकरांची अदलाबदल झटपट. आणि तेच स्पीकर कक्षात नेऊन समोरून तसेच अनेक कोनांतून मोजायचे.

१२/
१९८५ आणि १९८६ च्या शोधनिबंधांत निष्कर्ष आले. डोळ्यांना काही दिसेनासे झाल्यावर श्रोत्यांची मते आश्चर्यकारकरीत्या जुळत. ज्यांची मते डळमळत, त्यांच्यात श्रवणशक्ती घटलेल्यांचे प्रमाण मोठे होते. सर्वांना आवडणारे स्पीकर समोरून सपाट होतेच, शिवाय बाजूच्या कोनांतूनही त्यांची रेषा गुळगुळीत होती. जुने कोडे सुटले : खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज बाजूच्या कोनांतूनच निघालेला असतो, आणि आजवर तो पुरेसा मोजलाच जात नव्हता.

१३/
टूल १९९१ मध्ये हार्मन कंपनीत गेले. तेथे १९९४ मध्ये त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह यांनी ४० जणांना चार स्पीकर दोनदा ऐकवले. एकदा पडद्याआडून, एकदा उघड्यावर. श्रोते कंपनीचेच कर्मचारी होते. पडदा हटताच गुण बदलले. सर्वांत स्पष्ट घसरण झाली ती लहान, स्वस्त संचाची. पडद्याआड ज्याला त्यांनी बरे गुण दिले होते, त्याचेच गुण डोळ्यांनी कापले. इतकेच नव्हे, स्पीकरची जागा बदलल्याने आवाजात पडणारा खरा फरकही उघड्यावर ऐकताना पुरता नोंदला गेला नाही.

१४/
२००४ मध्ये ऑलिव्ह यांनी ७० स्पीकरांची मापने आणि पडद्याआडची मते एकत्र मांडून एक सूत्र काढले. केवळ मापनावरून केलेले भाकीत आणि श्रोत्यांची पसंती यांचा सहसंबंध ०.८६ आला. सूत्रात चार घटक आहेत. तीन रेषेच्या गुळगुळीतपणाचे, एक खर्जाच्या खोलीचा. खर्जाचा वाटा सुमारे ३० टक्के. टॉवरची बाजू येथे न्याय्य ठरते : उंच पेटीने दिलेला खर्ज खरोखरच आवडतो, मात्र त्यापायी बाकीची रेषा खडबडीत होता कामा नये. किंमत हा घटक सूत्रात नाही.

१५/
हीच चिकित्सा या संशोधनालाही लावली पाहिजे. हार्मन स्वतः स्पीकर विकणारी कंपनी होती. चाचण्या प्रामुख्याने एकच स्पीकर वाजवून घेतल्या गेल्या, जोडी नव्हे. फार मोठ्या आवाजात येणारी विकृती सूत्रात नाही. म्हणून ०.८६ हा आकडा वेदवाक्य नव्हे. पण तपासता येईल अशा रीतीने दिलेली साक्ष म्हणून तिचे वजन मोठे आहे. २०१३ मध्ये ही मापनपद्धती अमेरिकेत उद्योगाचे प्रमाणक झाली : आडव्या आणि उभ्या वर्तुळात दर १० अंशांवर एक, अशी ७० मापने.

१६/
तर आज स्वस्त टॉवरचा आलेख हाती आला, की काय पाहावे? एक, १०० हर्ट्झच्या आसपास फुगवटा आणि वर तारात चढण असेल, तर दुकानातल्या पाच मिनिटांत भुरळ पडते आणि घरी महिन्याभरात कान थकतात. अरुंद सुळक्यापेक्षा रुंद टेकडी अधिक सहज ऐकू येते, हेही लक्षात ठेवावे. दोन, २,००० ते ३,००० हर्ट्झच्या आसपास वूफर ट्वीटरच्या हाती आवाज सोपवतो. तेथे बाजूच्या रेषांत खळगा पडून पुढे उसळी दिसली, तर जोडणी नीट साधलेली नाही.

१७/
तीन, पाठीवर ८ ओहम छापलेले असते, पण प्रत्यक्ष रेषा ४ च्याही खाली उतरत असेल, तर साध्या अ‍ॅम्प्लिफायरला धाप लागते. त्याच रेषेवरचे बारीक चरे बहुधा पेटीच्या कंपनांची चुगली करतात. चार, संवेदनशीलता ३ डेसिबलने कमी म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट शक्ती. स्वस्त स्पीकर निवडून महाग अ‍ॅम्प्लिफायरच्या खर्चात पडण्याची वाट येथूनच जाते.

१८/
आलेख येथे थांबतो. साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या खाली राज्य खोलीचे असते. दहा बाय दहाच्या खोलीत कोपऱ्यात ठेवलेला उत्तम टॉवरही घुमू शकतो आणि हातभर पुढे ओढला, की सावरतो. हे कोणत्याही प्रयोगशाळेचा कागद सांगणार नाही. तेथे कानच हवा, मात्र शिस्तीचा : दोन्ही जोड्यांचा आवाज समान करून, ओळखीचे गाणे लावून, आणि शक्य तर मित्राला अदलाबदल करायला सांगून आपण पाठ फिरवून बसावे. नको त्या जोड्या आलेखाने गाळाव्यात आणि उरलेल्यांतली निवड कानाने करावी.

१९/
बखर आणि अस्सल पत्र यांचा वाद आपल्याला ठाऊक आहे. बखर फेकून द्यायची नसते; ती कोणी, कधी, कोणासाठी लिहिली, हे विचारून वाचायची असते. पत्रही अस्सल असले, तरी ते एका जागेवरून पाहिलेले असते. कान आणि आलेख यांचे नाते तसेच आहे. शतकभर या दोघांचे भांडण लावून दिले गेले, आणि खोटी साक्ष देणारा तिसराच, म्हणजे डोळा, बाजूला नामानिराळा बसून होता. किमतीची चिठ्ठी वाचणारा तोच, आणि उंचीला भुलणाराही तोच. ज्याच्या खिशात मोजकेच पैसे आहेत, त्याने निदान त्याची साक्ष शेवटी घ्यावी.

लेखनसीमा.